डेट्यातला कडता



कडता म्हणजे काय हे आपल्यापैकी कोणाला शिकवावे लागत नाही. कापसाची बंडी काट्यावर लागते, वजन होते, आणि व्यापारी ओलाव्याच्या नावाने, कचऱ्याच्या नावाने, कधी नुसत्या रिवाजाच्या नावाने क्विंटलमागे एखाद-दोन किलो सोडून देतो. पट्टीवर हमाली दिसते, तोलाई दिसते, अडत दिसत होती. कडता कधी दिसत नाही. जे पट्टीवर लिहिलेले नाही त्याबद्दल भांडायचे तरी कसे? म्हणूनच कडता पिढ्यान्पिढ्या टिकला. कागदावर तो कितीदा बंद झाला तरी काट्यावर चालूच राहिला.

आज मी काट्यावरच्या कडत्याबद्दल लिहीत नाही. आपल्या खिशातल्या मोबाईलच्या डेट्यातून असाच कडता रोज कापला जातो आणि त्याचीही पट्टी कोणी देत नाही, त्याबद्दल लिहितो आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब उघडले की आपण बोट लावण्याआधीच व्हिडिओ सुरू होतो. एक संपला की दुसरा. मागितला कोणी? कोणीच नाही. पण तो आला, आणि ज्या रस्त्याने आला त्या रस्त्याचे भाडे आपल्या रिचार्जमधून गेले.

काही कार्यकर्ते म्हणतील, कापसाच्या भावाचा प्रश्न पेटलेला असताना हे काय पोरकट काढले? त्यांनी आधी हिशेब ऐकावा.

जुलै 2024 मध्ये मोठ्या मोबाईल कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 239 रुपयांवरून 299 वर गेला. 28 दिवसांचा महिना ही चीजही मोठी नामी आहे. सालदाराचा महिना तीस दिवसांचा, सावकाराच्या व्याजाचा महिना तीस दिवसांचा, फक्त मोबाईलचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. त्यामुळे वर्षात बारा नव्हे तर तेरा रिचार्ज होतात. 299 गुणिले 13 म्हणजे 3,887 रुपये. 2025-26 च्या हंगामासाठी सरकारने हायब्रीड ज्वारीचा हमीभाव ठरवला 3,699 रुपये क्विंटल. म्हणजे एका फोनमागे क्विंटलभर ज्वारी, वर आणखी पाच किलो. तेही हमीभाव हातात पडला तर. घरात तीन फोन असतील तर 11,661 रुपये होतात. मध्यम धाग्याच्या कापसाच्या 7,710 या हमीभावाने दीड क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल निघाला तर आपण देवाला नारळ फोडतो. त्यातला दीड क्विंटल फोनवर जातो आहे. याला पोरकट विषय कोण म्हणेल?

या 299 मध्ये 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 45 रुपयांहून थोडे जास्त. तेरा रिचार्जचे मिळून 590 च्या वर. शिवाय कंपन्यांच्या महसुलावर सरकार 8 टक्के परवाना शुल्क घेते, आणि त्यातले 5 टक्के खेड्यापाड्यांत दूरसंचार पोहोचवण्याच्या नावाने बाजूला काढले जातात. त्या निधीचे नाव आता डिजिटल भारत निधी. भारताच्या नावाने निधी आणि शेतात उभे राहिले तर टॉवरची एक काडी! असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता खुद्द मालाचे वजन करू. डेट्याचे वजन आपल्याला डोळ्याने दिसत नाही, म्हणून फसगत होते. मराठी अक्षर साठवायला साधारण तीन बाईट लागतात. पानभर मजकूर, म्हणजे दोनेक हजार अक्षरे, सहा केबीत मावतो. तालुक्याच्या बाजार समितीतले कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीनचे दिवसाचे भाव एवढ्या जागेत आरामात बसतात. मध्यम स्पष्टतेचा व्हिडिओ सेकंदाला साधारण दोन मेगाबिट खातो. मिनिटाला पंधरा एमबी. म्हणजे एका मिनिटाच्या व्हिडिओच्या वजनात अडीच हजार पाने मजकूर येतो! चिमूटभर मीठ आणायला अख्खा ट्रक धाडावा तसा हा प्रकार आहे. तासाला नऊशे एमबी होतात. रोजचा दीड जीबी पावणेदोन तासांच्या आत आटोपतो.

बरे, पाहिलेल्याच व्हिडिओचे वजन कापले जाते असेही नाही. तुम्ही पहिला पाहत असताना पुढचे दोन-चार आधीच उतरवून ठेवलेले असतात, म्हणजे अंगठा फिरवला की क्षणभरही थांबावे लागू नये. तुम्ही दोन सेकंद पाहून पुढे गेलात तरी जे उतरले त्याचे वजन तुमच्या नावावर पडले. काट्यावर चढला तो माल खपला, मग तो घरी नेला की वाटेत सांडला हे कोण विचारतो?

हे असे सुरू कधी झाले? फेसबुकने आपोआप चालणारे व्हिडिओ 2013 साली आणले. 2014 मध्ये ब्रिटनमध्ये लोकांची मोबाईलची बिले फुगली, तेव्हा तिथल्या ग्राहकांच्या कैवाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि हे बटण कसे बंद करायचे ते लोकांना सांगितले. तिथे बिल महिन्याच्या शेवटी येते, ठरलेल्याहून जास्त डेटा वापरला तर दंडासकट येते. आकडा समोर आला की माणूस चिडतो. आपल्याकडे आधी पैसे आणि मग माल. बिल येतच नाही. संध्याकाळी फक्त एक संदेश येतो, आजचा डेटा संपला. नुकसान झाले हे कळते, कोणी केले ते कळत नाही. म्हणून ओरड झाली नाही.

त्यातून आपल्याकडे 2016 साल आले. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झाली आणि 31 मार्च 2017 पर्यंत डेटा फुकट मिळाला. त्याआधी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, माणूस एकेक एमबी जपून वापरी. फुकटात सवय लागली. पुढे जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, आणि तीन महिन्यांच्या आत इन्स्टाग्रामने रील्स आणि यूट्यूबने शॉर्ट्स भारतात आणले. सवय तयार होती, आता तिला रतीब मिळाला. फुकट बियाणे वाटून सवय लावायची आणि तिसऱ्या वर्षी पाकिटाची किंमत चढवायची ही रीत पऱ्हाटी लावणाऱ्याला नवी नाही.

इथे मी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर हिशेब एकांगी होईल. ज्याचा रोजचा दीड जीबी रात्री बारापर्यंत संपतच नाही, त्याला या व्हिडिओंनी एक पैशाचाही रोख तोटा होत नाही. उरलेला डेटा असाही मध्यरात्री जप्त होतो. आणि दीड जीबीप्रमाणे 42 जीबी पूर्ण वापरणाऱ्याला जीबी सव्वासात रुपयांच्या आत पडतो. जगात इतका स्वस्त डेटा फार थोड्या ठिकाणी आहे, हेही खरे. स्पर्धेने भाव पडले ही गोष्ट आपण नाकारू नये. खुल्या बाजाराची मागणी आपण करतो ती अशाच कारणांसाठी.

मग तोटा कोणाला?

तोटा लहान पॅकवाल्याला. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर एअरटेलचा 199 रुपयांचा पॅक होता, 28 दिवसांना एकूण 2 जीबी. दिवसाला वाटणी केली तर सत्तर-बहात्तर एमबी. मजकूर वाचायला, पैसे पाठवायला, नातवाचा फोटो पाहायला हे भरपूर आहे. पण आपोआप चालणारा व्हिडिओ पाच मिनिटांच्या आत तो दिवसाचा वाटा गिळून टाकतो. मग हा माणूस काय करतो? पुढच्या महिन्यात 299 चा पॅक घेतो. शंभर रुपये वाढले ते त्याच्या गरजेने नाही वाढले. त्याच्या नावावर कोणी दुसराच जेवून गेला.

दुसरा तोटा त्या घराला, जिथे एक चांगला फोन आणि त्यावर चौघांचा हॉटस्पॉट. पोरीचा अभ्यास, पोराचे क्रिकेट, बाईच्या बचत गटाचा हिशेब आणि बापाचे भाव, सगळे एका दीड जीबीत. तिथे सकाळी नऊला कोणी फेसबुक उघडून चुलीपाशी ठेवले की दुपारपर्यंत सगळ्यांचे पाणी तुटले.

आणि तिसरा तोटा वेळेचा. तो मला सर्वांत मोठा वाटतो, कारण आता सरकारदरबारचे प्रत्येक काम मोबाईलवर आले आहे. 2021 च्या खरिपापासून ई-पीक पाहणी आली; धुऱ्यावर उभे राहून पिकाचा फोटो चढवायचा. पीक विम्याच्या नुकसानीची खबर 72 तासांच्या आत द्यावी लागत असे. सप्टेंबर 2025 पासून सीसीआयला हमीभावाने कापूस विकायचा तर कपास किसान नावाच्या ॲपवर नोंदणी करायची, तिथेच दिवस ठरवून घ्यायचा. (त्याच्याच आधी ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क सरकारने उठवले आणि नंतर ती सूट डिसेंबर 2025 अखेरपर्यंत वाढवली. परदेशी गाठीला ॲपची अट नव्हती.) रोजचा डेटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. त्या वेगाने पानभर मजकूर एका सेकंदात येतो, पण तीन एमबीचा फोटो चढायला सहा मिनिटांच्या वर लागतात, तेही तार मध्येच तुटली नाही तर.

आमच्या गावातल्या एका कास्तकाराचे असेच झाले. पीक पाहणीच्या मुदतीचा शेवटचा दिवस. दिवसभर फवारणी करून संध्याकाळी धुऱ्यावर उभा राहिला, तर डेटा संपलेला. फोन दुपारी घरी चार्जिंगला होता आणि लहान पोर व्हिडिओ लावून शेजारी झोपी गेले होते. व्हिडिओ एकामागून एक आपले आपण चालत राहिले. कोणी पाहत नव्हते! पाहणारे पोर झोपले, तरी काटा फिरत राहिला. शेवटी दुसऱ्याच्या फोनवरून 19 रुपयांचा एक जीबीचा पॅक मारून घेतला आणि अंधारात बॅटरीच्या उजेडात पऱ्हाटीचा फोटो काढला. फोटो गेला की नाही हे त्याला दोन दिवस कळले नव्हते. 19 रुपये ही रक्कम लहान. पण पॅकमध्ये सात रुपयांना पडणारा जीबी त्याने 19 ला घेतला. गरज असते तेव्हाच आपला भाव पडतो आणि गरज असते तेव्हाच आपल्याला माल महाग मिळतो, हा नियम फोनमध्येसुद्धा चुकला नाही.

आता हे व्हिडिओ न विचारता का चालवतात ते पाहू. कंपनीचे गिऱ्हाईक तुम्ही नाही. कंपनीचे गिऱ्हाईक जाहिरातदार. किती डोळ्यांपुढून जाहिरात गेली यावर त्याच्याकडून पैसे घ्यायचे. फेसबुक तीन सेकंद चाललेला व्हिडिओ पाहिला असे धरते. आता बोट लावूनच व्हिडिओ सुरू होणार असता तर किती जणांनी लावले असते? आपोआप चालू ठेवला की अंगठा सरकेपर्यंत तीन सेकंद सहज होतात आणि मीटर पडतो. सप्टेंबर 2016 मध्ये फेसबुकने स्वतः कबूल केले की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात हा आकडा दोन वर्षे फुगवून दाखवला गेला होता. अमेरिकेतले जाहिरातदार कोर्टात गेले आणि 2019 मध्ये चार कोटी डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे मापात पाप झाले तेव्हा जाहिरातदाराला भरपाई मिळाली. ज्याच्या डेट्यावरून तो माल वाहिला गेला त्याला काय मिळाले?

एकदा बंडीचे उदाहरण घ्या. जिनिंगवाल्याचा माल तुमच्या बंडीतून, तुमच्या बैलांनी, तुमच्या कडब्यावर वाहून नेला आणि भाडे उलट तुमच्याकडूनच घेतले, तर गावात काय होईल? इथे तेच चालले आहे. जाहिरात दुसऱ्याची, नफा तिसऱ्याचा, भाडे आपले.

काही मंडळी म्हणतात, मग जाहिरातीचा डेटा ग्राहकाच्या पॅकमधून कापूच नये असा कायदा करा. ऐकायला गोड आहे. मला मात्र तो रस्ता धोक्याचा वाटतो. फेसब���कने फुकटच्या नावाखाली ठराविक साइटच दाखवण्याची योजना आणली होती. तेव्हा 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने नियम केला की कोणता मजकूर आहे ते पाहून डेट्याचा वेगवेगळा भाव लावता येणार नाही. तो नियम चांगला आहे. एकदा कंपनीला कोणता माल फुकट आणि कोणता पैशाने हे ठरवू दिले, की उद्या आपल्या संघटनेची सभा पैशाने आणि पुढाऱ्याची सभा फुकट असा दिवस यायला वेळ लागणार नाही. फुकटाच्या दाव्याला बांधलेली गाय कोणाची असते हे आपण रेशनपासून वीजबिलापर्यंत पाहिले आहे.

आपली मागणी वेगळी असली पाहिजे. 1972 पासून पुढे तीस वर्षे कापूस एकाधिकार खरेदीने आपल्याला सांगितले की तुझा कापूस तू कोणाला विकायचा ते आम्ही ठरवू. आपण लढलो ते कोणाकडून भीक घेण्यासाठी नाही, आपल्या मालाचा निर्णय आपल्या हाती असावा म्हणून. डेटा पैसे देऊन घेतलेला आहे, म्हणजे तो आपला माल आहे. तो कशावर खर्च व्हावा हे मालकाने ठरवावे. मोबाईल डेट्यावर असताना आपोआप चालणे मुळातच बंद असावे, आणि ज्याला हवे त्याने मराठीत विचारलेल्या एका प्रश्नाला हो म्हणून ते सुरू करावे. आज उलटे आहे. सुरू आहेच, बंद करायचे तर सेटिंगच्या पाच दारांतून इंग्रजी वाचत आत जा. दुसरी मागणी अशी की रोजचा उरलेला डेटा मध्यरात्री जप्त न होता पॅक संपेपर्यंत खात्यावर राहावा. एक कंपनी शनिवार-रविवारसाठी आठवड्याचा उरलेला डेटा देते, म्हणजे तांत्रिक अडचण नाही हे सिद्धच झाले.

मागून मिळत नाही असेही नाही. बटनाच्या फोनवाल्या म्हाताऱ्यालाही कित्येक वर्षे डेट्याचा पॅक घ्यावा लागत होता. ज्या फोनवर इंटरनेट चालतच नाही त्याच्यासाठी रोजचा दीड जीबी! डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने नियम बदलला आणि फक्त बोलणे व संदेश एवढ्याचा पॅक ठेवणे कंपन्यांना भाग पाडले. जानेवारी 2025 मध्ये जिओने 84 दिवसांचा 448 रुपयांना आणि 336 दिवसांचा 1,748 रुपयांना, एअरटेलने 84 दिवसांचा 469 रुपयांना असे पॅक आणले. 3,887 कुठे आणि 1,748 कुठे! पण रिचार्जच्या दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन नुसता बोलण्याचा असेल तर दुकानात जाऊन हाच पॅक नाव घेऊन मागा.

कायदा येईल तेव्हा येईल, तोवर दारे आपणच लावून घ्यावीत. फेसबुकच्या सेटिंगमध्ये मीडिया असे लिहिलेले असते, त्यात ऑटोप्ले. तिथे नेव्हर या ओळीवर खूण करा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये डेटा सेव्हिंग सुरू करा आणि प्लेबॅक इन फीड्स बंद करा. व्हिडिओ बघायचाच तर त्याची क्वालिटी डेटा सेव्हरवर ठेवा. इन्स्टाग्राममध्ये आपोआप चालणे पुरते बंद होत नाही, पण डेटा सेव्हर लावला की पुढचे व्हिडिओ आधीपासून उतरवून ठेवणे थांबते. व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडा आणि मोबाईल डेट्याखालच्या चारही खुणा काढून टाका, मग गावच्या ग्रुपवरचे शुभ सकाळचे फोटो तुम्ही बोट लावल्याशिवाय उतरणार नाहीत. कंपन्या ही दारे अधूनमधून इकडची तिकडे हलवतात, तेव्हा थोडे शोधावे लागेल. रील्स आणि शॉर्ट्सच्या खिडकीत एकदा शिरलात की मात्र तिथे असे कोणतेही दार नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपने महिन्यात किती डेटा खाल्ला याची यादीही असते. हीच ती पट्टी, जी आपल्याला कोणी हातात देत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या फोनमधली ही यादी कागदावर उतरवून आणा. घरातल्या बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या फोनचीसुद्धा. प्रत्येक तालुक्याने आपला कागद कार्यालयाच्या टेबलावर द्यायचा आहे. ट्रायला पाठवायच्या निवेदनाला हे कागद जोडायचे आहेत.